चामड्याच्या चाकावर बुरशी, पेस्टचा थर आणि पटाशीची धार गोल होतेय. काय करू?

कुडाळकर_सुतार, १२ जुलै, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. माझं घरामागं छोटं वर्कशॉप आहे, सागवान आणि फणसाची कामं करतो, दारं-खिडक्या कमी आणि हल्ली फर्निचर जास्त. गेल्या दिवाळीत पाण्यावर चालणारं धार लावायचं मशीन घेतलं, एका बाजूला १० इंची दगड पाण्यात फिरतो आणि दुसऱ्या बाजूला चामडं लावलेलं चाक, त्यावर पेस्ट लावून धार घोटायची. पहिले तीन-चार महिने धार अशी यायची की हातावरचे केस निघायचे, पाइनच्या आडव्या कापावर पटाशी लोण्यासारखी जायची. आता तेच मशीन, तोच दगड, पण चामड्यावरून काढली की पटाशी आधीपेक्षा बोथट वाटते. दगडावरून काढल्यावर बरी असते आणि चाकावर नेली की बिघडते, हे मला कळतच नाहीये.

चाकाची अवस्था सांगतो. वर काळा चकचकीत थर बसलाय, नख मारलं तर नख घसरतं. दोन जागी थर कमी-जास्त असल्यामुळं फिरताना पटाशी थडथडते. आणि पाऊस सुरू झाल्यापासून कडेला पांढरी-हिरवी बुरशी धरलीय. मी दर वेळी पेस्ट लावतो, म्हणजे प्रत्येक पटाशीला थोडी थोडी. कमी पडतेय म्हणून लागत नसेल असं वाटून गेल्या आठवड्यात अजून लावली, तर अजूनच घसरायला लागलं. नवीन चाक मागवावं का? का यातूनच निघेल काही? सध्या दोन कपाटांचं काम अंगावर आहे, सांधे साफ येत नाहीत त्यामुळं जीव कासावीस झालाय.

शिसव, १२ जुलै, रात्री ११.२५

सुतारभाऊ, नवीन चाक अजिबात मागवू नका. तुम्ही जे लिहिलंय त्यातच उत्तर आहे, "प्रत्येक पटाशीला थोडी थोडी". पेस्ट जास्त झालीय आणि तेल संपलंय. ही पेस्ट म्हणजे अगदी बारीक ॲल्युमिनियम ऑक्साइड, तेलात कालवलेलं. चामडं ते तेल हळूहळू पिऊन टाकतं, मागं उरते कोरडी पूड आणि पटाशीचं झिजलेलं स्टील, दोन्ही मिळून वर काचेसारखा लेप बसतो. त्या लेपावर कण मोकळे फिरत नाहीत, पटाशी नुसती घसरते, आणि घसरते म्हणून आपण हात दाबतो, दाबलं की धार चामड्यात रुतते आणि टोक गोल होतं. तुमची तक्रार अगदी हीच आहे.

मी काय करतो ते सांगतो, वीस वर्षं पाण्याच्या दगडावर धार लावतोय. चाक फिरत ठेवून जुन्या रंध्याच्या पात्याची कड चाकावर आडवी टेकवायची, चाक ज्या दिशेला पळतंय त्या दिशेला कड झुकलेली पाहिजे, समोरून घातली तर पातं चामड्यात घुसेल आणि चाक फाटेल. काळा थर पापुद्र्यासारखा सुटून येतो. खाली जुना पेपर अंथरा, ती घाण कपड्याला लागली की जात नाही. थर सुटला की ८० किंवा १०० नंबरचा पॉलिश पेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून हलक्या हातानं फिरत्या चाकावर धरा, चामड्याचा तपकिरी रंग दिसू लागला आणि हात फिरवल्यावर मखमलीसारखं लागलं की थांबा. नंतर शिलाई मशीनचं तेल, पाच-सहा थेंब, जास्त नाही, हाताने चाक फिरवत बोटानं सगळीकडं पसरा आणि रात्रभर राहू दे. सकाळी पेस्ट, वाटाण्याएवढे चार-पाच ठिपके, चाक बंद ठेवून बोटानं पसरायचे, मग चालू करून एखादी जुनी पटाशी फिरवून आत जिरवायची. त्यानंतर निदान आठ-दहा हत्यारं होईपर्यंत ट्यूबला हात लावू नका.

नाशिकची_नक्षी, १३ जुलै, सकाळी ७.५०

शिसव दादांना अनुमोदन, फक्त एक. कोन बघितलात का तुम्ही? मी नक्षीकाम करते, माझ्याकडं लहान मशीन आहे, ८ इंची दगड आणि साडेपाच-पावणेसहा इंचाचं चामडं. सुरुवातीला मलाही वाटायचं चामडं खराब आहे, खरं तर मी मागचा हात वर उचलत होते. दगडावर २५ अंश आणि चामड्यावर नकळत २९-३० अंश होत होते आणि धारेचं टोक चामड्यात रुतत होतं.

मार्करनं बघा. पटाशीच्या उताराला (धारेकडच्या तिरक्या तासलेल्या बाजूला) धारेपर्यंत काळा मार्कर लावा, चाकावर एक-दोन सेकंदच टेकवा आणि लगेच बघा रंग कुठला गेला. फक्त अगदी टोकाचा गेला तर हात वर आहे, फक्त मागचा गेला तर हात खाली आहे, आणि मधला भाग जाऊन टोकाला जेमतेम लागलं तर कोन बरोबर. यानंतर तुम्हाला अंदाज लावायची गरजच राहत नाही. मी अजूनही प्रत्येक नवीन हत्याराला हे करते.

कुडाळकर_सुतार, १३ जुलै, दुपारी १.१५

दोघांचेही आभार. मार्कर आत्ताच जेवायच्या सुट्टीत करून बघितला, फक्त टोकाचाच रंग गेला ताई! म्हणजे थर आणि कोन दोन्ही चुकतंय. मी जिगमध्ये (पटाशी एका कोनात धरून ठेवणारा साचा) पटाशी तशीच ठेवून, दगडासाठी लावलेल्या सपोर्टच्याच (जिग टेकवायच्या दांड्याच्या) उंचीवर चामड्याच्या चाकावर नेतो, मला वाटायचं जिग तोच म्हणजे कोन तोच.

अजून एक विचारायचं होतं, तेल घरचं खोबरेल चालेल का? घाणीवरचं ताजं आहे, हाताशी असतं.

शिसव, १३ जुलै, दुपारी १.४०

खोबरेल नको. हळूहळू खवट होतं, चिकट होतं आणि बुरशीला खाऊ मिळतो. थंडीत २४ अंशाच्या खाली गेलं की गोठतं ते वेगळंच, कुडाळला तो प्रश्न कमी पण नाशिक-पुण्याला डिसेंबरात चाकावर मेण बसल्यासारखं होतं. अळशीचं तेल तर मुळीच नको, ते सुकून कडक होतं, लाकडाला लावायला म्हणूनच तर चांगलं. खनिज तेल पाहिजे, पातळ, शिलाई मशीनचं सगळ्यात सोपं, कुठल्याही गावात मिळतं.

मालवणी_मोरी, १३ जुलै, दुपारी ३.०५

मी शिसव यांच्याशी पूर्ण सहमत नाही. आमच्याकडं आजोबांच्या वेळेपासून वस्तऱ्याच्या पट्ट्याला खोबरेलच लावतात, आमचा सलूनचा धंदा, जुन्या धोकटीतला पट्टा अजून आहे आणि मऊ आहे. दर आठवड्याला दोन थेंब चोळून वर कापडानं पुसलं की खवट व्हायचा प्रश्न येत नाही. पण हेही मान्य की आमचा पट्टा रोज वापरात असतो आणि त्यावर पेस्ट नसते, नुसता तळहाताने घासून तयार केलेला असतो. चाकावर पेस्टमध्ये मिसळून तेल महिनोन्महिने राहणार असेल तर गोष्ट वेगळी असेल.

शिसव, १३ जुलै, दुपारी ३.३०

अगदी बरोबर फरक सांगितलात. रोज पुसला जाणारा पट्टा आणि पेस्ट मुरवलेलं चाक यांची निगा एक नाही. आणि वस्तऱ्याच्या पट्ट्यावर धार उलटी ओढतात, पाठ पुढं आणि धार मागं, ती गोष्ट मात्र चाकालाही तंतोतंत लागू.

उत्तरेकडचा, १३ जुलै, रात्री ९.२०

मी सध्या स्वीडनमध्ये असतो, कामानं इथं आलो आणि लाकूडकाम इथंच शिकलो. असं पाण्याचा दगड आणि चामड्याचं चाक जोडीनं असलेलं मशीन ज्यांनी घरोघरी नेलं ती टॉरमेक कंपनी इथलीच, तुर्गनी यान्सन यांनी १९७३ मध्ये सुरू केली. इथं बहुतेक सगळ्या लाकूडकामाच्या वर्गांत ते मशीन दिसतं म्हणून आकडे तोंडपाठ झालेत. मोठ्या मशीनचा दगड २५० मिमी, चामड्याचं चाक २२० मिमी व्यासाचं आणि ३१ मिमी रुंद, फिरतं मिनिटाला ९० वेळा. त्यांच्या पेस्टमधले कण ३ मायक्रॉनपासून (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) सुरू होतात आणि घासता घासता तुटून १ मायक्रॉनपर्यंत येतात. पेस्ट काळी पडली म्हणजे संपली असं नाही हे यावरूनच कळतं, काळी म्हणजे तिनं स्टील उचललंय आणि आता ती आणखी बारीक घासतेय. सारखी नवीन लावली तर आपण दर वेळी जाड कणांकडं परत जातो.

आता सुतारभाऊंच्या जिगबद्दल. दगड २५० आणि चाक २२०, म्हणजे चाकाचा पृष्ठभाग दगडापेक्षा १५ मिमी आत आहे. सपोर्ट त्याच उंचीला ठेवून जिग चाकावर नेलात तर पटाशीला खाली जाऊन टेकावं लागतं आणि कोन बदलतो. सपोर्ट चाकाच्या हिशेबानं वेगळा लावायला लागतो, किंवा मार्कर लावून जमवायचा. दगड झिजत झिजत २२० च्या जवळ आला की मग दोन्हीची उंची एक होते, पण तोवर नाही.

एक गंमत सांगतो, मला हे फार आवडतं. दगडावर धार लावली की उतार किंचित खोलगट होतो, १२५ मिमी त्रिज्येचा खळगा. चामड्याच्या चाकाची त्रिज्या ११० मिमी. म्हणजे चाक त्या खळग्यात जवळजवळ चपखल बसतं, १० मिमी लांबीच्या उतारावर फरक पडतो जेमतेम एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा, तेवढं चामडं स्वतःच दबून भरून काढतं. त्यामुळं कोन बरोबर असला तर दाबायची गरजच नाही. चाकाला पटाशीचं स्वतःचं वजन आणि बोटाचा आधार पुरतो.

कुडाळकर_सुतार, १३ जुलै, रात्री १०.०५

१५ मिमी आत! मी आठ महिने हेच चुकवत होतो. पण मग सुरुवातीला धार चांगली का यायची?

उत्तरेकडचा, १३ जुलै, रात्री १०.३०

तेव्हा चामडं नवं आणि मऊ होतं, थोडा कोन चुकला तरी ते सांभाळून घेत होतं, आणि पेस्टचे कण मोकळे होते त्यामुळं दोन-तीन सेकंदात काम व्हायचं. आता थर कडक झालाय, तुम्ही जास्त वेळ धरताय, जास्त दाबताय, तेवढीच चूक मोठी होऊन दिसतेय. माझा अंदाज.

मोटर_वायंडिंग_सातारा, १४ जुलै, सकाळी ८.१०

मंडळी माझ्याकडं साधं बेंच ग्राइंडर आहे ६ इंची, एका बाजूचा दगड काढून तिथं लाकडी चाकाला चामडं चिकटवून लावलं तर चालेल का, एवढं महाग मशीन घ्यायची ऐपत नाही आणि बफिंगवाल्याकडं हिरव्या लस्टरची वडी स्वस्तात मिळते ती लावीन म्हणतो.

शिसव, १४ जुलै, सकाळी ८.४५

दादा, हिशेब करू. ६ इंची चाक २८८० आरपीएमला (मिनिटाला तेवढे फेरे) म्हणजे कडेचा वेग सेकंदाला साडेबावीस मीटर. वर सांगितलेल्या २२० मिमी चाकाचा ९० आरपीएमला जेमतेम १ मीटर. बावीसपट फरक. त्या वेगानं चामड्यावर पटाशी धरलीत तर दोन सेकंदात धारेचं टोक तापतं, साध्या कार्बन स्टीलचं पाणी (कडकपणा) २०० अंशाच्या पुढं उतरायला लागतं, आणि टोक इतकं पातळ असतं की निळं पडलेलं दिसायच्या आधीच मऊ झालेलं असतं. दुसरं म्हणजे बेंच ग्राइंडरची दिशा. वरचा भाग तुमच्याकडं येतो, म्हणजे धार चाकाच्या समोर येते. चामड्यात रुतली की पटाशी हातातून हिसकली जाते, आणि ती कुणाच्या अंगावर जाईल सांगता येत नाही. माझ्या ओळखीतल्या एका माणसाच्या मनगटाला सात टाके पडलेत असंच करताना. नका करू.

तुमच्याकडं मोटरीचं ज्ञान आहे तर बेल्टनं वेग कमी करून १०० आरपीएमच्या आसपास आणा आणि दिशा उलटी करा, मग करा. नाहीतर सगळ्यात स्वस्त म्हणजे सपाट लाकडी फळीवर चामड्याचा पट्टा चिकटवा, वर तीच हिरवी लस्टर घासा आणि हातानं ओढा. लस्टरमध्ये क्रोमियम ऑक्साइड असतं, बारीक असतं, छान चकाकी येते. हातानं केलं तर चूक झाली तरी हळू होते.

मोटर_वायंडिंग_सातारा, १४ जुलै, सकाळी ९.००

समजलं. फळीच करतो. टाक्यांचं वाचून अंगावर काटा आला.

चामड्याचा_कोल्हापुरी, १४ जुलै, रात्री ८.३०

चामड्याचं काम आमचं पिढीजात, म्हणून लिहितो बघा. फळी करा किंवा चाकाचं चामडं बदला, चामडं कुठलं घेता त्यावर सगळं आहे. बाजारात पर्स-जॅकेटचं मऊ चामडं मिळतं ते क्रोमवर कमावलेलं असतं, ते दाबलं की दबतं, ओढलं की ताणतं, त्यावर पटाशी नेली की धार बुडते आणि गोल होते. पाहिजे ते झाडाच्या सालीवर कमावलेलं. आमच्या कोल्हापुरी चपलेला वापरतात ते म्हशीचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा यात कमावतात, घट्ट असतं, बोटानं दाबलं तरी लगेच परत येतं. चपलेच्या तळाचं फार जाड होईल, ३ ते ४ मिमीचं मागा. कोल्हापुरी चपलेला २०१९ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हापासून बाहेरचे लोक चामडं विचारत येतात, त्यात आता सुतार पण यायला लागलेत, मला बरं वाटतं.

बुरशीबद्दल. सालीवर कमावलेलं चामडं ओलीत लवकर बुरशी धरतं, त्याला उपाय एकच, हवा. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवू नका, बरेच जण मशीन धुळीपासून जपायला प्लास्टिक घालतात आणि आत घाम सुटतो. सुती कापड टाका. वर आलेली बुरशी आधी बाहेर नेऊन कोरड्या ब्रशनं झाडा, घरात झाडली तर सगळ्या चामड्यावर बसंल. मग दवाखान्यातलं स्पिरिट कापडावर घेऊन पुसा, सावलीत पंख्याखाली वाळवा. उन्हात ठेवू नका भावा, चामडं आकसतं आणि जोड उघडतो. वाळल्यावर मग तेल. ओलं असताना तेल लावलं तर ओल आत कोंडली जाते.

नाशिकची_नक्षी, १४ जुलै, रात्री ९.१०

दादा, गुळगुळीत बाजू वर ठेवायची का खरबरीत? याबद्दल प्रत्येक जण वेगळं सांगतो.

चामड्याचा_कोल्हापुरी, १४ जुलै, रात्री ९.४०

ताई, खरबरीत बाजू पेस्ट जास्त धरते आणि लवकर कापते, गुळगुळीत बाजू कमी धरते पण दबत नाही. चाकाला मी गुळगुळीत बाजू वर ठेवून पेपरनं जरा खरडून देतो, म्हणजे दोन्हीचं मधलं होतं. हा माझा हात झाला, चुकीचं दुसरंही नाही.

चामडं बदलायचंच झालं तर जोड महत्त्वाचा. दोन्ही टोकं समोरासमोर टेकवून चिकटवू नका, तिथं पटाशी थडथडणार. रापीनं (चामडं कापायच्या हत्यारानं) दोन्ही टोकं तिरकी तासायची, वीस-पंचवीस मिमी लांबीची, आणि एकावर एक अशी चढवायची की वरच्या टोकाच्या अंगावरून पटाशी घसरत जाईल, टोकाला अडकणार नाही. उलटं चढवलंत तर दहाव्या दिवशी टोक उचलणार. चिकटवायला चपलेचं पिवळं सोल्युशन, दोन्हीकडं लावून बोटाला चिकटेनासं झालं की मग जोडायचं. आणि ते सोल्युशन रबराचं असतं, तेल खाली झिरपलं की सुटतं, म्हणून वर शिसव साहेबांनी थेंब मोजून लिहिलेत ते नीट पाळा.

कुडाळकर_सुतार, १५ जुलै, रात्री ९.१५

वाचून आधी बुरशीचंच घेतलं हातात, कारण माझ्या मशीनवर प्लास्टिकच होतं. अंगणात नेऊन झाडली, स्पिरिटनं पुसलं, पडवीत पंख्याखाली दिवसभर ठेवलंय. इकडं हवा इतकी ओली आहे की कापडंसुद्धा तीन दिवस वाळत नाहीत त्यामुळं अजून एक दिवस ठेवीन म्हणतो. थर रॉकेलनं धुवून काढला तर सोपं पडेल का? एका गाववाल्यानं सांगितलं.

शिसव, १५ जुलै, रात्री ९.४५

रॉकेल नको, खरवडून काढा. रॉकेलनं लेप पातळ होतो आणि चामड्याच्या आत खोल जातो, वर दिसत नाही पण तिथंच असतो, शिवाय चामड्याचं सगळं तेल ओढून घेतं आणि जोडाचं सोल्युशनही सोडवतं. कोल्हापूरच्या दादांनी आत्ताच सांगितलंय.

कातारी, १६ जुलै, सकाळी ६.५५

धागा आत्ताच सापडला. मी लेथवर काम करतो, लाकडी खेळणी आणि लाखकाम, सावंतवाडी. माझी सगळी हत्यारं गोल, सपाट चाकावर गोल पटाशीची आतली बाजू येतच नाही, म्हणून मी काय केलं ते सांगतो. एमडीएफची दोन छोटी चाकं लेथवरच काढली, एकाची कड अर्धगोल आणि एकाची टोकदार, अंदाजे ६० अंशाची, आणि कडेला पातळ चामडं चिकटवलं. आतल्या बाजूची बर (दगडावर लावल्यावर बोटाला लागते ती पातळ कड) त्यानं निघते. बाहेरची बाजू मोठ्या चाकावर हत्यार गोल फिरवत.

आणि हे सगळ्यांनी करा, दगडावरून उतरलेलं हत्यार आधी पाण्यानं धुवून पुसा आणि मगच चामड्यावर न्या. दगडाचे जाड कण हत्याराला चिकटून येतात, एक कण जरी चामड्यात रुतला तरी त्यानंतरच्या प्रत्येक हत्यारावर ओरखडा दिसत राहतो. मी एकदा घाईत तसंच नेलं आणि पूर्ण चामडं खरवडावं लागलं. पाणीही चामड्यावर जात नाही मग, बुरशीला तेवढाच आळा.

नाशिकची_नक्षी, १६ जुलै, सकाळी ८.२०

हे फार मोलाचं आहे. मी हात ओले असतानाच चाक धरायचे. धन्यवाद कातारी काका.

पाठीबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. उतार झाल्यावर पटाशीची सपाट पाठ पण चाकावर टेकवायला लागते, तिकडं वळलेली बर काढायला. इथं सगळ्यात जास्त नुकसान होतं, कारण पाठ गोल झाली तर ती दगडावर परत सपाट करायला तास जातो. मी आधी पाठीचा मागचा भाग चाकाला टेकवते आणि मग हळूहळू मूठ वर आणत धारेपर्यंत येते, जिथं धार टेकली असं वाटलं तिथं थांबते आणि त्याच्या पुढं मूठ उचलत नाही. एक सेकंद बास. मग परत उतार, मग परत पाठ, प्रत्येक वेळी आधीपेक्षा हलकं. बर एकदम तोडली तर धारेला दात राहतात, इकडून तिकडं वळवत वळवत झिजवून काढली तर साफ निघते.

मालवणी_मोरी, १६ जुलै, सकाळी १०.३०

ताई, वस्तऱ्याला आम्ही नेमकं हेच करतो, शेवटचे हात अगदी वजन नसल्यासारखे. आजोबा म्हणायचे पट्ट्याचा आवाज ऐक, आवाज जड आला की दाब जास्त.

उत्तरेकडचा, १७ जुलै, रात्री १.१०

आवाजाचं खरं आहे! चाकावरही कोन बरोबर असला की सलग हलका सुस्कारा येतो, चुकला की खरखर.

माझ्याकडचा प्रश्न तुमच्या उलटा आहे. इथं हिवाळ्यात घरं तापवतात, आतली हवा इतकी कोरडी होते की चामडं कडक होऊन जोडाला फट पडते. मी नोव्हेंबर ते मार्च दर महिन्याला दोन-तीन थेंब तेल देतो, उन्हाळ्यात जवळजवळ नाहीच. म्हणजे वेळापत्रक लावण्यात अर्थ नाही, चाकाला हात लावून बघायचं. बोट फिरवल्यावर पेस्ट बोटाला किंचित लागली तर ठीक, कोरडी पूड आली तर आधी तेल, आणि नुसतं चामडं लागलं तरच पेस्ट.

कुडाळकर_सुतार, १९ जुलै, रात्री ९.५०

झालं मंडळी. सविस्तर लिहितो कारण तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत.

चाक तीन दिवस पंख्याखाली होतं. काल सकाळी रंध्याच्या जुन्या पात्यानं थर काढला, निघाला तो जवळजवळ दोन मोठे चमचे भरेल इतका काळा चुरा, एवढी पेस्ट मी आठ महिन्यांत त्यावर घातली होती. खाली चामडं चांगलं निघालं, फक्त एके ठिकाणी पटाशी रुतल्याचा जुना काप आहे, पेपर मारल्यावर तोही बोटाला लागेनासा झाला. थडथड पूर्ण गेली. जोड तिरका आणि बरोबर दिशेला चढवलेला आहे, तपासला. शिलाई मशीनचं तेल सहा थेंब, रात्रभर. आज सकाळी पेस्टचे चार ठिपके.

सपोर्ट चाकासाठी वेगळा लावला, मार्कर लावून तीन वेळा जमवला, तिसऱ्या वेळी उताराचा पूर्ण रंग गेला. त्या उंचीएवढी लाकडाची एक पट्टी कापून ठेवलीय, सागवानाचीच, आता दर वेळी मोजायला नको, पट्टी घालायची आणि सपोर्ट त्यावर टेकवायचा. दगड झिजेल तशी दगडाची उंची बदलेल पण चाकाची हीच राहील ना?

२५ मिमीची पटाशी आधी धुवून पुसून मग चाकावर, उतार चार सेकंद, पाठ एक, असं तीनदा. पाइनच्या आडव्या कापावर लावली तर रेषांची टोकं अजिबात न चुरगळता सळसळीत पातळ सालपट आलं, कपाटाच्या दाराचे राहिलेले सहा सांधे दुपारी केले. तीन महिन्यांनी सांधा हातोडीशिवाय हातानं दाबून बसला.

उत्तरेकडचा, १९ जुलै, रात्री ११.३०

वाचून फार आनंद झाला. हो, पट्टी चाकासाठी कायम चालेल, चामडं दर वेळी पेपरनं खरडलं की अर्धा-पाव मिमी कमी होतं तेवढंच. वर्षातून एकदा मार्करनं तपासा. पट्टीवर कोन लिहून ठेवा, २५ ची वेगळी आणि ३० ची वेगळी.

शिसव, २० जुलै, सकाळी ७.१५

पट्टीची कल्पना छान, मी पण करतो. सुतारभाऊ, पाण्याची तबकडी काम झालं की रिकामी करता ना? दगड पाण्यात उभा राहिला की एका बाजूला पाणी धरतो, आणि तेवढीच ओल शेजारच्या चामड्याला रात्रभर मिळते.

कुडाळकर_सुतार, २० जुलै, सकाळी ७.४०

नव्हतो करत. कालपासून करतोय, आणि मशीन मोरीजवळून उचलून पडवीच्या आतल्या भिंतीला नेलंय, वर आईची जुनी सुती साडी. कातारी काका, तुमच्या त्या अर्धगोल चाकाला कडेला चामडं किती मिमीचं लावलंत तेवढं सांगा, माझ्या दोन गोल पटाश्या राहिल्यात.

कातारी, २० जुलै, रात्री ८.०५

दीड मिमी. त्याच्यावर गेलं तर वळणावर सुरकुतते. चामडं आधी कोमट पाण्यात भिजवून चाकावर दोऱ्यानं बांधून वाळव, आकार धरला की सोडवून मग सोल्युशन लाव. कुडाळहून सावंतवाडी लांब नाही, येताना चाकाला भोक किती मिमीचं पाहिजे ते मोजून आण, लेथवर काढून देतो.